उडत्या सरड्याचा डावा पंख

पंख खांद्याजवळ करवतीने कापून, दुमडलेल्या चादरींवर अलगद ठेवला होता. रंगाला ओरखडाही नव्हता.

"परवा संग्रहालयात टांगायचा होता," शिल्पकार खाली मान घालून म्हणाला. माणसांच्या कितीतरी आधी आभाळात उडणारा हा सरडा त्याने खऱ्या मापाने घडवला होता. "काल दुपारी मी तिथल्या माणसांबरोबर छताचे हुक बसवत होतो. परत आलो तर हे."

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी, म्हणजे सगळे त्यांना वहिनीच म्हणत, चष्मा सावरला. काचेच्या छपरातून लख्ख उजेड येत होता. कापलेल्या लोखंडी नळीवर वेल्डिंगचा वेढा होता, एका बाजूला मध्येच सुटलेला. आजूबाजूला करवत घसरल्याच्या खुणा होत्या.

"कुणीतरी डूख धरलाय," त्यांचा दीर म्हणाला.

"बघू या, भाऊजी."

संग्रहालयाचा तज्ज्ञ वैतागलेला होता. "पंखाचा पडदा घोट्यापर्यंत हवा, हे सांगून माझा घसा बसला. पण कापून माझंच नाक कापून घेऊ? आत लोखंड आहे की लाकूड, तेही मला ठाऊक नाही."

शिल्पकाराची बायको ब्रश धूत होती. "सवतच आहे हा सरडा माझी. पण या उडत्या सरड्यांच्या अंगावर लव असायची, तिचा एकेक केस मी रंगवलाय. सांगाडा दादाने जोडला. कातडी चढल्यावरच माझं काम सुरू होतं."

दादा, तिचा थोरला भाऊ, वेल्डर. त्याने चहा ओतून दिला.

"मी नाही प्यायलो," बाहेर आल्यावर दीर कुरकुरला. "ओतताना कपात बोट बुडवून धरलं होतं त्याने."

वहिनी थांबल्या. "भाऊजी, सगळ्यांना बोलवा."

सगळे जमले तेव्हा त्या स्टुलावर टेकल्या. हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"डूख असता तर सरड्याचं तोंड फोडलं असतं. इथे खाली चादरी अंथरल्यात. काप नेमका जोडावर आहे. जोड कातडीखाली लपलेला, ठाऊक दोघांनाच. शिल्पकार हुक बसवत होते. उरला जोडणारा. एवढ्या उजेडात करवत सारखी घसरते, कप भरला की नाही हे बोटाने बघावं लागतं... दादा, डोळे कधीपासून गेलेत?"

वेल्डर म्हणाला, "धुकं असतं समोर. जोड चाचपला होता, पण पक्का आहे असं मन मानेना. टांगल्यावर खाली शाळेतली पोरं उभी राहणार. दाजींना सांगायला तोंड उघडेना. सांगितलं की हातातलं काम गेलं. वाटलं, कापला तर परवाच्या घाईत दुसऱ्याकडून पक्का जोडून घेतील."

बहिणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला तरी सांगायचंस रे."

शिल्पकार सरड्याकडे बघत होता. "उजवाही तुम्हीच जोडलात ना, दादा?"

"तोही कच्चा असेल. कापणार होतो. तेवढ्यात बाहेर हिची पावलं वाजली."

शिल्पकाराने उसासा सोडला. बायकोला म्हणाला, "संग्रहालयाला फोन कर. उशीर होईल म्हणावं." मग त्याने करवत उचलली.

"दादा, पंख खालून धरा. कापतो मी."