काचेमागची ओळ

"माझ्या नावाच्या मागे काय लिहिलं आहेस, ताई?"

अकरा वर्षांनी घराचा उंबरा ओलांडणाऱ्या धाकट्या भावाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य! ना 'कशी आहेस', ना 'आई कुठे आहे'... हातातली बॅगसुद्धा त्यानं खाली ठेवली नव्हती.  ब्रशवर उचललेला सोन्याचा वरख ताईच्या एका उसाशानं उडाला आणि थेट त्याच्या काळ्याभोर कोटावर जाऊन चिकटला.

"आधी बूट काढ, मग खटला चालव," खिडकीशी मटार सोलत बसलेली आई म्हणाली. "आणि तो वरख झटकू नकोस. पुसला जातो, झटकला जात नाही. अक्षरवाल्याच्या घरचा ना तू?"

हो, अक्षरवाल्याच्याच घरचा! वडिलांना सगळं गाव अक्षरवाले म्हणायचं आणि त्यांच्यानंतर ताई अक्षरवाली झाली. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या काचा, दारांवरची नावं... पण सगळ्यात मानाचं काम एकच, टेकडीवरच्या मुलांच्या मिशनरी शाळेचा मानफलक. शाळेच्या सभागृहात शिसवी लाकडाची एक भलीमोठी चौकट होती आणि तिच्या खाचांमध्ये काचेच्या लांबट पट्ट्या सरकवलेल्या होत्या. एका पट्टीवर एक नाव, शाळेच्या एका नामवंत माजी विद्यार्थ्याचं. तिथे न्यायाधीश होते, आगबोटीचे कप्तान होते, देशाकडून खेळलेला गोलरक्षक होता आणि कुष्ठरोग्यांमध्ये आयुष्य घालवलेले एक डॉक्टर फादरही होते. या वर्षी त्यात एका प्रख्यात वास्तुकाराची भर पडणार होती. तो वास्तुकार म्हणजे हा, घरचा चिमण्या!

सोन्याचं काम पुढून करत नाहीत, काचेच्या मागून करतात. अक्षरं उलटी काढायची, जिलेटिनचं पाणी लावायचं, चपटा ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवून घ्यायचा म्हणजे वरख त्याला हलकेच चिकटतो, मग तो काचेवर बसवायचा. त्यावर मागून काळ्या रंगाचा थर. पुढून पाहणाऱ्याला दिसतं ते झळाळतं नाव. मागची काळी बाजू लाकडाला टेकलेली, ती कुणालाच दिसत नाही.

निदान ताईला तरी तसं वाटत होतं.

"कोण म्हणालं मी काही लिहिलंय?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"शाळेच्या कारकुनाचा फोन आला होता."

दुर्बीण! तो जाड भिंगांचा कारकून, ज्याला गेल्या तीस वर्षांत शाळेतला प्रत्येक पोरगा दुर्बीण म्हणायचा! सोमवारी तो दाखल्यावरचं साल सांगायला आला होता. पट्टी टेबलावर उपडी वाळत होती आणि ताई पाणी आणायला आत गेली होती. ती परत आली तेव्हा त्याचं नाक काचेपासून चार बोटांवर होतं. 'छान हं, छान...' असं काहीतरी पुटपुटून तो पाणी न पिताच निघून गेला होता. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

"काय सांगितलं त्यानं?"

"ते तूच सांग." भाऊ तिच्या डोळ्यांत न पाहता तिच्या बोटांकडे पाहत होता, जणू त्या बोटांवरच पुरावा सापडणार होता. "आज पाच वाजता तीनशे माणसांसमोर त्या फलकावरचा पडदा सरकेल. त्याआधी मला ती पट्टी काढून बघायची आहे."

"बघ की. तुझंच नाव आहे."

"एवढं शांतपणे कसं बोलतेस तू?"

"मग काय, थाळ्या वाजवू?"

आईच्या हातातला मटार थांबला. दोघांकडे आळीपाळीनं पाहत ती म्हणाली, "तुम्हा दोघांच्या मध्ये काहीतरी आहे. चोवीस वर्षं झाली, तुम्ही मला आंधळी समजून चालता. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंय, विसरू नका!"

चोवीस वर्षं... आईनं आकडा बरोबर सांगितला तेव्हा ताईच्या अंगावर काटा आला. आईला ठाऊक होतं की काय?

तेव्हा भाऊ सोळा वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. ताईची स्वतःची शाळा नववीतच सुटली होती. वडिलांच्या हाताला कंप सुटला, ब्रश सरळ चालेना. दोघांपैकी एकानं त्यांच्याजवळ थांबायचं होतं. "मी थांबते," ती म्हणाली होती, जणू बसची वाट बघत थांबण्याइतकी सोपी गोष्ट! भाऊ शाळेत गेला आणि ताईनं वडिलांचा ब्रश उचलला. मग शेवटच्या वर्षी शाळेच्या चित्रकलेच्या सुवर्णपदकाची स्पर्धा आली. त्याच पदकावर वास्तुशास्त्राच्या कॉलेजातली जागा ठरायची. विषय होता शाळेचा घंटेचा मनोरा. चिमण्यानं महिनाभर खपून चित्र काढलं आणि द्यायच्या दिवशी सकाळी त्याच्याच कोपराच्या धक्क्यानं शाईची दौत त्यावर आडवी झाली! तो हमसून हमसून रडला आणि तसाच कोपऱ्यात झोपी गेला... अन् ताईनं कोरा कागद ओढला. दुपारी दोनपर्यंत मनोरा पुन्हा उभा राहिला. एकेक वीट, एकेक कमान, आणि घंटेवर बसलेलं ते कबूतर, जे त्याच्या चित्रात नव्हतंच. ते तिचं तिलाच सुचलं होतं.

पदक मिळालं. परीक्षकांनी खास त्या कबुतराचं कौतुक केलं. आणि त्या दिवसापासून दोघं त्याबद्दल अवाक्षरही बोलली नव्हती.

तिनं कधी काही मागितलं नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी एका मासिकात त्याची मुलाखत आली होती आणि त्यात छापलं होतं, 'आमच्या घरात चित्रकलेचं वातावरण नव्हतं.' ते एक वाक्य! ते पान तिनं वरखाच्या डब्यात ठेवलं होतं आणि डबा उघडला की दर वेळी ते वाक्य तिला डसायचं. आता तो समोर उभा राहून संशयानं पाहत होता तेव्हा तिलाही वाटून गेलं... हा मला भेटायला आलाच नाही. हा फक्त आपलं नाव वाचवायला आलाय!

दुपारी एक वाजता दोघं टेकडी चढली. ताई रस्त्याच्या या कडेनं, भाऊ त्या कडेनं.

सभागृहात खुर्च्या मांडल्या जात होत्या. मुख्याध्यापक फादर शिडीवर चढून स्वतःच पडद्याच्या कड्या अडकवत होते. खाली शिडी धरून उभी असलेली दुर्बीण या दोघांना पाहताच अशी काही दचकली की फादर वरूनच ओरडले, "अहो, मला स्वर्गात जायचंय, पण आज नाही!"

भावानं मोजक्या शब्दांत सांगितलं, त्याला त्याची पट्टी तपासायची आहे.

"स्पेलिंगची काळजी आहे का?" फादर खाली उतरले.

"अक्षरांची नाही, फादर. माणसाची."

ताईची कानशिलं तापली. दुर्बीण मात्र आता सरसावली. "मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय, फादर! पांढऱ्या रंगात होतं. 'बक्षिसाचं चित्र याचं नाही, माझं आहे.' शाळेची अब्रू आहे, म्हणून मी साहेबांना कळवलं. बाकी मला काय पडलंय?"

सभागृहातल्या खुर्च्यांचा आवाज एकदम थांबला, निदान ताईला तरी तसं वाटलं. भावाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. फादरनी ताईकडे पाहिलं. "अक्षरवाली, हे खरं आहे का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण जन्मभर उलटी अक्षरं काढणाऱ्या त्या बाईला उलटं बोलणं कधी जमलंच नव्हतं!

"खरं आहे," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं."

भावानं डोळे मिटले. मग चौकटीजवळ जाऊन शेवटच्या ओळीतली पट्टी त्यानं खाचेतून बाहेर ओढली. त्याचे हात इतके थरथरत होते की ताईला क्षणभर वडिलांचेच हात दिसले. पट्टी उलटी केली. काळ्या रंगावर एक धुरकट, पुसलेला डाग होता. आणि त्याच्याखाली बारीक पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द. 'बाबा.'

"हे... हे काय आहे?"

"पहिलं लिहिलं ते रागानं," ताई म्हणाली. "ते मासिकातलं वाक्य आठवलं आणि हात वाहवत गेला. हे कारकून पाणी न पिता निघून गेले ना, त्यानंतर पाचच मिनिटांत मी टर्पेंटाइननं पुसून टाकलं. मला वाटलं, कुणालाच कळलं नाही."

"पण मागे लिहायचंच कशाला? 'बाबा' तरी कशाला?"

 फादरची नजर आता चौकटीवर खिळली होती. "फक्त याच पट्टीमागे लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी न्यायाधीशांची पट्टी सरकवून बाहेर काढली. मागे वेडंवाकडं, कापरं अक्षर होतं. 'आई. दुसऱ्यांच्या घरी भांडी.' मग गोलरक्षकाची. 'आजोबा. स्वतःचे बूट कापून याचे केले.' कप्तानाची. 'थोरला भाऊ. यालाही समुद्र आवडायचा.' डॉक्टर फादरांची. 'धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आई-वडिलांना सांभाळलं.' एकेक पट्टी बाहेर येत होती आणि प्रत्येकीच्या मागे, सगळ्यांच्या नजरेआड, एक माणूस बसलेला होता! दुर्बिणीनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"बाबांचं अक्षर..." भाऊ कुजबुजला.

"सोनं बसलं की चूक सुधारता येत नाही," ताई म्हणाली, "म्हणून नाव कसं लिहायचं ते विचारायला बाबा प्रत्येकाच्या घरी जायचे. आणि निघताना उंबऱ्यावर एवढंच विचारायचे, 'ह्याच्यासाठी घरात कोण थांबलं?' पुढचं नाव मी काढायची आणि मागची ओळ ते स्वतः लिहायचे. म्हणायचे, मागचं अक्षर वाकडं आलं तरी चालतं, ते फक्त देवाला वाचायचंय. ते गेल्यावर मी लिहू लागले."

"मग माझ्यासाठी..." तो ताईकडे वळला. "माझ्यासाठी तू कोणाला विचारलंस?"

"कुणाला विचारणार? आपल्याच घराचा उंबरा तो. दोन दिवस ब्रश हातात धरून बसले. स्वतःचं कसं लिहायचं रे?... म्हणून 'बाबा' लिहिलं."

बस्स! इतकी वर्षं बांधून ठेवलेला बांध त्या एका वाक्यानं फुटला. तो नामवंत वास्तुकार, ज्याच्या इमारती बघायला लांबून माणसं येतात, तो सभागृहाच्या फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "ताई, मी अकरा वर्षं आलो नाही, कारण तुझ्या डोळ्यांत मला तो मनोरा दिसायचा! मला वाटायचं, तू एक दिवस सांगणार. प्रत्येक बक्षीस घेताना वाटायचं, आता कुणीतरी उठून म्हणेल, कबूतर कुणाचं? आणि ते मासिकातलं वाक्य... ते मी भीतीनं बोललो गं. घरात कुणी चित्र काढतच नव्हतं म्हटलं की शोध संपतो ना!"

"वेडा," ताई त्याच्याजवळ बसली. "तू बांधलेल्या त्या वाचनालयाचा फोटो आईनं देव्हाऱ्यात लावलाय. ते तुझंच आहे. मी फक्त एका सकाळी तुझं सांडलेलं भरून काढलं. मलाच उलट वाटायचं की तुला माझी लाज वाटते..."

"लाज? तुझी?" तो हुंदके देत हसला. मग एकाएकी उठून म्हणाला, "ब्रश आहे?"

अक्षरवालीच्या पिशवीत ब्रश नसेल असं कधी झालंय? त्यानं पांढऱ्या रंगाच्या डबीत ब्रश बुचकळला, 'बाबा'च्या शेजारी टेकवला आणि एकेक अक्षर ठसठशीत काढू लागला. 'आणि ताई. ती थांबली. घंटेवरचं कबूतर तिचं आहे.'

"अरे, किती रंग घेतलास! ओघळेल तो!" ताई रडता रडता ओरडली. "एवढा जाड थर उद्यापर्यंत वाळणार नाही. खाचेत सरकवलास तर सगळं फासलं जाईल!"

भाऊ गोंधळून ब्रशकडे पाहत राहिला. इमारती उभारणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं! फादरनी घड्याळ पाहिलं, रिकाम्या खाचेकडे पाहिलं आणि मग भावाकडे. "पुसायचं असेल तर आत्ताच पुसावं लागेल."

ताईनं पटकन फडकं पुढे केलं. तिला खरंच ते पुसलेलं हवं होतं. तीनशे माणसं, त्याचं नाव, त्याची अब्रू...

त्यानं फडकं तिच्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवून दिलं.

पाच वाजता पडदा सरकला तेव्हा मानफलकाची शेवटची खाच रिकामी होती. पट्टी दाराजवळच्या टेबलावर पांढऱ्याशुभ्र कापडावर पालथी पडली होती, वाळत. येणारा जाणारा प्रत्येक जण तिथे थांबत होता, वाकून वाचत होता आणि मान वर करून ताईला शोधत होता. ती खांबामागे लपायचा प्रयत्न करत होती, पण दुर्बीण, जिच्या नजरेतून काहीच सुटत नाही, बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, "त्या बघा, त्या! नाही नाही, खांबामागे!"

सगळ्यात शेवटी आई आली, चिमण्याच्या हाताला धरून. ती टेबलावर वाकली, ओठ हलवत सगळी ओळ वाचली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली.

"कबूतर..." ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. तुला कबुतराचे पाय कधी काढता यायचे नाहीत, चिमण्या."

आणि काठी टेकत ती खांबाच्या दिशेनं चालू लागली.