विचलनाचं प्रकरण

तिला हवं असलेलं पुस्तक वाचनालयात होतं, पण कपाटात नव्हतं.

"बाइंडिंगला गेलंय," ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "येईल महिन्याभरात."

महिन्याभरात तर तिची परीक्षा होती. दिवसभर ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि उरलेल्या वेळात बाहेरून समाजशास्त्राचा अभ्यास. मागच्या खेपेला चार गुणांनी घसरली होती. या खेपेला घसरायचं नाही, हे तिने स्वतःला इतक्या वेळा बजावलं होतं की आता बजावायचीही गरज उरली नव्हती. ती सरळ तळघराचा जिना उतरली.

खाली खळीचा आंबूस वास होता. उंच स्टुलावर एक तरुण बसला होता, हातात सुईदोरा, आणि समोर तेच पुस्तक — पानं सुटी केलेलं. तो शिवत नव्हता. ओठ हलवत वाचत होता.

"ते पुस्तक माझं आहे," ती म्हणाली.

"यावर तर वाचनालयाचा शिक्का आहे."

"म्हणजे... मला हवंय."

"मलाही हवंय. सत्तर पानं झाली माझी."

"तुम्हाला शिवायला दिलंय की वाचायला?"

"शिवता शिवता वाचतो," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर वर सगळे म्हणतात, बाइंडरचा हात मंद आहे."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने मान वळवली, पण उशीर झाला होता.

मग त्यानेच तोड काढली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांचं असतं. त्या जुडीला फर्मा म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळलं. तो रोज एक फर्मा तिला देणार, तिने तो तिथेच बसून वाचायचा, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत तो पुस्तक शिवणार नाही. अट एकच — वाचलेलं त्याला समजावून सांगायचं.

"मला काही शब्द अडतात," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या."

"नापास झालेली," तिने दुरुस्ती केली.

असे दिवस सुरू झाले. पाच वाजता कामावरून सुटायचं, इस्त्रीच्या वाफेने सुरकुतलेले हात नळाखाली धरायचे आणि तळघर गाठायचं. तिच्यासाठी एक खुर्ची आली. दोन दिवसांनी खुर्चीवर उशी आली. उशी कुठून आली हे तिने विचारलं नाही... त्यानेही सांगितलं नाही.

"चार माणसं बसथांब्यावर उभी असली म्हणजे गट होत नाही," एके दिवशी ती समजावत होती. "ती नुसती गर्दी. गटातल्यांना एकमेकांची जाणीव लागते."

"किती माणसं लागतात?"

"निदान दोन."

"दोघं तर आहोत की आपण."

"जाणीव लागते, म्हटलं ना."

तो सुईत दोरा ओवत होता. वर न बघता म्हणाला, "माझ्याकडे आहे. तुमचं तुम्ही बघा."

तिने सोळा पानांच्या जुडीत तोंड खुपसलं. त्या संध्याकाळी ती एकच ओळ सहा वेळा वाचत बसली.

विषमतेच्या प्रकरणाला मात्र तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. हॉटेलात दोन लिफ्ट होत्या — आरशांची पाहुण्यांसाठी, पत्र्याची कपड्यांसाठी. तिच्या हातच्या चादरी रोज अठराव्या मजल्यावर जायच्या. तीन वर्षांत ती स्वतः तळमजल्याच्या वर गेली नव्हती.

"माझंही तसंच," तो म्हणाला. "पुस्तकं वर, मी खाली."

"मग वर बसा की. खिडकीपाशी किती छान उजेड असतो. इथे डोळे फुटतील तुमचे."

"वर सभासद बसतात."

"मग सभासद व्हा."

त्याने खळीचं भांडं उगाच ढवळलं आणि विषय बदलला.

सहावं प्रकरण झालं, मग आठवं आलं. सातवं कुठे? तिने विचारलं तेव्हा त्याने सुई खाली ठेवली. मग खण उघडून त्याने तो फर्मा काढला. वर लिहिलं होतं — विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणाऱ्यांचं प्रकरण.

"हा मी मागे ठेवला होता. आधी बोलायचं होतं... जमलं नाही." त्याने हात पुसले. "मी दोन वर्षं तुरुंगात होतो. चुलतभावाची गाडी चालवायचो. गाडीत चोरीची तांब्याची तार असायची. मला माहीत नव्हतं, असं कोर्टात सांगितलं. पण माहीत होतं. बाइंडिंग तिथेच शिकलो."

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण त्याआधी तिचा हात हलला — टेबलावरची पर्स तिने जवळ ओढली. त्याने ते बघितलं. त्याने बघितलेलं तिनेही बघितलं.

"येते," ती म्हणाली. फर्मा घेऊन जिना चढली, आणि आठवडाभर फिरकली नाही.

तिने ते प्रकरण घरी वाचलं. माणसाने केलेली एक गोष्ट लोक धरून ठेवतात आणि त्याच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी पुसून टाकतात, असं काहीसं त्यात होतं. मुद्दे पाठ झाले. झोप मात्र लागेना.

सातव्या दिवशी हॉटेलात एका पाहुणीची अंगठी हरवली. लाँड्रीतल्या अकरा जणींना भिंतीशी उभं करून पहारेकऱ्याने प्रत्येकीची पर्स टेबलावर रिकामी केली. पुढच्या दाराने ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कोणी हातही लावला नाही. तिचा कंगवा, रुमाल, सातव्या प्रकरणाचा फर्मा... सगळं चारचौघांत पसरलं. तासाभराने अंगठी पाहुणीच्याच कोटाच्या खिशात सापडली. कोणी कोणाची माफी मागितली नाही; इस्त्र्या पुन्हा तापल्या.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात उभी होती.

"हा फर्मा तू पहिल्याच दिवशी का नाही दिलास?"

ती 'तू' म्हणाली होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही. त्याने ब्रश खाली ठेवला.

"पहिल्याच दिवशी तुम्ही गेला असतात."

"परत आले असते."

"...आलात खऱ्या."

"मी पर्स ओढली, ते चुकलं माझं."

"मला सवय आहे त्याची."

"ती सवय मोडायची," ती म्हणाली. "तुझी आणि माझी, दोघांची."

तो हसला नाही. फक्त तिच्याकडे बघत राहिला — इतका वेळ, की तिलाच शेवटी खुर्चीवरची उशी नीट करावी लागली.

घरी आईला तिने त्याच दिवशी सगळं सांगितलं. तुरुंगासकट. आई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

"लोक काय म्हणतील गं?"

"लोक म्हणजे कोण? नावं सांग."

आई बोटं मोजू लागली. "वरच्या मजल्यावरच्या बाई. तुझी आत्या. शिंपीणकाकू..."

"आत्याशी तू तीन वर्षं बोलत नाहीस. आणि वरच्या बाई पुढच्या महिन्यात घर सोडतायत."

आईने बराच वेळ शेंगांकडे बघितलं. "मग उरल्या शिंपीणकाकू," ती म्हणाली. "त्या काय, काहीही म्हणतात." थोड्या वेळाने म्हणाली, "रविवारी आण त्याला. मी माझ्या डोळ्यांनी बघणार. मग बोलेन."

रविवारी तो येऊन गेला, आणि जाताना आई त्याला 'पुन्हा ये' म्हणाली. परीक्षा झाली. पेपर बरा गेला. तिसऱ्या दिवशी ती त्याला हाताला धरून वर घेऊन गेली.

"याला सभासद व्हायचंय," तिने ग्रंथपाल बाईंना सांगितलं.

"मागे अर्ज आला होता याचा. शिफारस नव्हती, म्हणून समितीने परत केला."

"आता शिफारस आहे. मी देते."

बाईंनी अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता — अर्जदाराशी नाते. ती तिथे थांबली.

"ओळखीची, असं लिही," तो हळूच म्हणाला. तोही आता 'तू'वर आला होता.

"एवढं लिहायला तुला हात धरून वर आणलं नाही."

तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं — होणारी पत्नी. कागद त्याच्याकडे वळवला. "चुकलं असेल तर खोड."

त्याने ते दोन शब्द, आपल्या नेहमीच्या मंद चालीने, ओठ हलवत वाचले. मग खाली सही केली.

"शिफारशी दोन लागतात," बाई म्हणाल्या.

"दुसरी मी शोधून आणते. मिळेपर्यंत रोज येत राहीन."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या नखांतल्या वाळलेल्या खळीकडे बघितलं. आणि स्वतःच्या पेनाचं टोपण काढून दुसऱ्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. नाते या शब्दापुढे त्यांनी लिहिलं — सहकारी.

"तो मंद आहे," त्या कागद फायलीत लावत म्हणाल्या, "पण त्याने शिवलेलं पुस्तक सुटत नाही."

ती दोघं खिडकीपाशी जाऊन बसली. मोठं टेबल, त्यावर दुपारचं ऊन, समोर कोणीतरी वर्तमानपत्र उलटत होतं. त्याला हात कुठे ठेवावे कळेना. शेवटी तिनेच त्यातला एक आपल्या हाताखाली घेतला.

"होणारी म्हणजे..." तो कुजबुजला, "कधी होणारी?"

"निकाल लागल्यावर," ती म्हणाली. "आधी पास होते."