रेनिएने क्रूस का घेतला

“कोतवालसाहेब, लवकर चला! तिएरी मळ्यात मरून पडलाय!”

इसांबार पोचला तेव्हा ऊन नुकतंच पडलं होतं. तिएरी द्राक्षमळ्याच्या दगडी बांधाखाली उताणा पडला होता. कपाळ समोरून फुटलेलं. म्हणजे मारणारा समोरासमोर उभा होता. अंग गार, कपड्यांवर दव. काल संध्याकाळीच कारभार उरकला असणार.

उजव्या मुठीत तपकिरी लोकरीची चिंधी होती. इसांबारने ती गुपचूप कमरेच्या पिशवीत टाकली.

“आणखी कोण असणार? गॉबेर!” गावाने एका तोंडाने निकाल दिला. शेजारच्या मळ्याच्या गॉबेरचं आणि तिएरीचं बांधावरून वर्षानुवर्षं वाजत होतं. जहागीरदाराने गॉबेरला तळघरात कोंडलं आणि शनिवारी फाशी ठरवली. शनिवारला दोनच दिवस होते.

त्याच दुपारी चर्चसमोर एक फिरता प्रवचनकार बोलला. जेरुसलेमच्या लढाईला निघेल त्याची सगळी पापं धुतली जातील! गाव हेलावलं. अकरा जणांनी लढाईला जायची शपथ वाहून क्रूस घेतला. प्रवचनकाराने वाटलेले बोटभर पांढऱ्या कापडाचे क्रूस त्यांनी दोन-दोन टाके मारून खांद्यावर लावले. अकरावा होता रेनिए, मेलेल्या तिएरीचा धाकटा भाऊ.

हेच इसांबारला खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघणाऱ्यांना गाठत फिरला. सगळ्यांना एकच प्रश्न. का चाललास?

“घरी पाच भाऊ आणि जमीन चटईएवढी,” एकजण म्हणाला. “इथं राहून काय माती खाऊ?”

दुसरा खाली बघत पुटपुटला, “दारूच्या नशेत बायकोवर हात टाकला होता. तिचा एक डोळा गेला. ते धुवायचंय.”

तिसरा हसला. “धनी म्हणाले चल. मला कोण विचारतंय?”

शेवटी तो रेनिएच्या घरी गेला. रेनिए सामान बांधत होता. त्याची आई ओदलीन वाटेसाठी राय धान्याच्या भाकरी थापत होती.

“रेनिए, जन्मभर भावाच्या हाताखाली राबलास. मळा तुझा झाला त्याच दिवशी सोडून निघालास?”

“देवाने बोलावलं.”

“नेमकं कालच?”

“बोलावणं काय तिथी बघून येतं, कोतवाल?”

“परवा संध्याकाळी कुठे होतास?”

“घरी. आईला विचारा.”

“घरीच होता,” ओदलीन वर न बघता म्हणाली.

रेनिएच्या तपकिरी झग्याच्या खांद्यावर क्रूस होता. लाल, तळहाताएवढा, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेला.

“उद्या गॉबेरला लटकवतील,” इसांबार म्हणाला.

रेनिएचा हात गाठोड्यावर थांबला. इसांबार उठला, आणि पाद्रीबाबांना घेऊनच परत आला.

“पाद्रीबाबा, साक्षीला उभे राहा. रेनिए, मी सकाळपासून विचारत फिरतोय. कुणी पोटासाठी चाललाय, कुणाला धनी ओढतोय. तुझ्या पोटाची सोय झाली होती आणि तुला कुणी ओढत नव्हतं. मग उरतं ते पाप. बाकीच्यांचे क्रूस बोटभर, पांढरे. तुझाच एवढा मोठा का? कारण खाली भोक आहे. भावाने खांदा धरला तेव्हा फाटलेलं.” त्याने चिंधी पुढे केली. “उसव तो क्रूस.”

रेनिए हलला नाही. ओदलीननेच कात्री घेतली आणि टाके एकेक करून तोडले. भोकात चिंधी बरोबर बसली.

रेनिए खाली बसला. “तिएरी मळा विकून जेरुसलेमला निघाला होता. आमचे बाबा पापांची कबुली न देता गेले, त्यांच्या आत्म्यासाठी. मी म्हटलं, मेलेल्यासाठी जित्यांची भाकरी विकतोस? त्याने मला धरून हलवलं. माझ्या हाताला दगड लागला. मळ्यासाठी मारलं, आणि आता त्या मळ्यात पाय टाकवत नाही. त्याचा नवस तेवढा राहिला होता. तो फेडतोय.”

“आणि गॉबेर?”

“तोंड उघडायचं धैर्य झालं नाही.”

इसांबारने त्याचं मनगट धरलं.

“सोड, इसांबार,” पाद्रीबाबा हळूच म्हणाले. “गॉबेरला मी आत्ता सोडवतो. पण क्रूस घेतलेला माणूस चर्चचा. तुझ्या कोतवालीचा त्याच्यावर हक्क नाही.”

“क्रूस तर उसवला!”

“शपथ उसवत नाही.”

“त्याने सख्खा भाऊ मारलाय!”

“म्हणून तर चाललाय. पोचला तरी माफी, वाटेत मेला तरी माफी.”

इसांबारने मनगट सोडलं. मग ओदलीनकडे वळला. “हे टाके तुमचे. सगळं माहीत होतं तुम्हाला.”

“दोन होते, कोतवाल. एक पुरला. दुसरा तुमच्या दोरापासून वाचवला.”

“आणि गॉबेर मेला असता तर?”

“त्याची आई कधीच वारली,” ओदलीन म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून तिने तोंडावर हात दाबला.

शनिवारी सकाळी अकरा जण गाणी म्हणत पूर्वेच्या रस्त्याला लागले. सुटलेला गॉबेर आपल्या बांधावर उभा राहून बघत होता. ओदलीन गावाच्या वेशीपर्यंत गेली. धूळ खाली बसली तरी ती तिथेच होती.

“किती लांब आहे हो ते जेरुसलेम?” तिने विचारलं.

इसांबार उभ्या आयुष्यात जवळच्या दिजों शहराच्या पलीकडे गेला नव्हता.

“लांब आहे,” तो म्हणाला.

“थंडीच्या आत पोचेल?”

इसांबारने मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही.