मागच्या डाव्या चाकावरचे बेचाळीस किलो

मागची सीट उतरवायला दहा मिनिटं लागतात.

मूठभर लाल माती, कोरडी.

२८१. २८७. १७६. १७२.

चेन्नईच्या पोरांनी मला 'दूधगाडीवाला' म्हटलं होतं. शर्यतीच्या माइकवर. सगळ्यांसमोर.

मरुदाचलम अण्णा माझ्याकडे एकोणीस वर्षं कामाला होते. आता समोरच्या गल्लीत लेथ चालवतात. माझ्या दारावरून जाताना मान वळवत नाहीत.

हे खरं घडलेलं आहे. विश्वास नसेल तर इथेच थांबा, मला काही फरक पडत नाही. रात्रीची गोष्ट नाही म्हणून लोक हसतात. हसा.

कोइम्बतूर. गणपती नावाच्या भागात, लेथच्या गल्लीत माझी शेड आहे. मंगळवार, दुपारचे सव्वाबारा.

मी लिंगम. घरगुती सेडान शर्यतीत पळवण्याजोग्या करून देतो. लोक येतात आणि आधी इंजिनाचं बोलतात. मी सांगतो, आधी वजन. काढलेला प्रत्येक किलो फुकटची ताकद असते.

इलंगोने गाडी मार्चमध्ये आणली. सुताचा व्यापारी, चाळिशीचा, हातात जाड कडं. गाडी पांढरी, चार दारांची, कुठल्याही बँक मॅनेजरच्या दारात उभी असते तशी.

"आईची होती," तो म्हणाला. "गेली ती. आता हिला पळव."

"काय काय काढू?"

"स्टिअरिंग सोडून सगळं."

आमच्याकडच्या ट्रॅकवर सेडान गटाचा विक्रम एक मिनिट एकवीस सेकंदांचा. तीन वर्षं चेन्नईवाल्यांकडे. तो मला हवा होता. इलंगोपेक्षा मलाच जास्त. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

आम्ही सीट काढल्या. गालिचे, छताचं कापड, दारांचे पॅड, एसी, आवाज दाबणारे डांबराचे थर... सगळं. मागच्या काचा काढून पातळ प्लास्टिक बसवलं. अपघातात माणूस वाचावा म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला. मागच्या डाव्या सीटच्या जागेतून आता एक पाइप तिरपा जातो. तिथे माणूस बसूच शकत नाही.

नीट लक्षात घ्या. बसूच शकत नाही.

मग तो मंगळवार. गाडी चार वजनकाट्यांवर घेतली, प्रत्येक चाकाखाली एक. कागदावरचा हिशेब वर दिलाय. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. एकूण ९१६.

पडद्यावर आलं...

२८१. २८७. २१८. १७२.

"काटा गंडलाय," मी म्हणालो.

अण्णांनी काटे अदलाबदल केले. पुन्हा तेच. चारही शून्यावर आणले. पुन्हा तेच. मागच्या डाव्या चाकावर बेचाळीस किलो जास्त.

गाडीत कुठेही वजन ठेवलं तर ते थोडंथोडं चारही चाकांवर पसरतं. हे पसरत नव्हतं.

"पाना राहिला असेल आत," मी म्हणालो.

"बेचाळीस किलोचा पाना?" अण्णा हसले नाहीत. "मालक, हे म्हाताऱ्या माणसाचं वजन आहे."

"तुमचं वजन किती?"

"मी बाहेर उभा आहे."

जेवायची वेळ झाली. शटर अर्धं ओढून आम्ही बाकावर डबे उघडले. गल्लीतले सगळे लेथ एकाच वेळी बंद झाले. अशी शांतता दिवसातून एकदाच मिळते.

तेव्हा ऐकू आलं...

टक.

टक. टक.

प्लास्टिकच्या काचेवर नख वाजावं तसं. आतून.

अण्णांचा घास हातातच राहिला. मी उठून गाडीपाशी गेलो. आत कुणी नव्हतं. पाइप, पत्रा आणि ऊन. पण मागच्या डाव्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, वाफ जमली होती. तळहाताएवढी.

ती लहान व्हायची... मोठी व्हायची...

लहान...

मोठी.

बाहेर अडतीस अंश होतं. अशा उकाड्यात काचेवर वाफ धरत नाही.

"मी या गाडीला हात लावणार नाही," अण्णा म्हणाले. "तुम्हीही लावू नका."

"घाबरलात?"

"हो. तुम्हाला लाज वाटत असेल तर तुम्ही घाबरू नका."

डबा तसाच झाकून ते निघून गेले. एकोणीस वर्षांचा हिशेबसुद्धा मागितला नाही.

गुरुवारी इलंगोची थोरली बहीण आली, पूंगोडी अक्का. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. रिक्षातून उतरली आणि थेट भंगाराच्या ढिगाकडे गेली. तिथे मागची सीट उलटी पडली होती. तिने ती सरळ केली. हाताने झटकली.

इलंगो तिथेच होता. "अक्का, तू कशाला आलीस?"

"आईची जागा उकिरड्यावर टाकलीस?"

"चौदा किलो वाचले."

"चौदा किलो!" ती माझ्याकडे वळली. "तुला सांगितलंय का यानं, आई कुठे गेली ते?"

"अक्का, घरी चल."

"या गाडीत गेली. गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, काचा बंद. हा सुताच्या गोदामात भाव ठरवत बसला होता. दोन तास!"

"तिला झोप लागली होती!" इलंगो ओरडला. "डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून लिहून दिलंय. आणि दार काय मी शिवलं होतं? गरम होत होतं तर उघडून बाहेर यायचं होतं!"

अक्का खाली वाकली. रस्त्याकडेची मूठभर माती उचलून तिने आमच्या दोघांच्या अंगावर उधळली. आमच्याकडे बाई अशी माती उधळते तेव्हा तो शाप असतो. मोठमोठे मालक तेव्हा पाय धरतात.

इलंगोने शर्ट झटकला. "तमाशा."

मीही झटकला.

ती गेल्यावर गाडी पुन्हा काट्यांवर घेतली.

२१८.

आता नीट ऐका. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. देवळात गेला असता, गाडी विकली असती, जाळली असती. मी काय केलं?

मी स्प्रिंगा बदलल्या.

आम्ही असेच असतो. वजन कुठून आलं ते नंतर बघू. आलंय ना, मग त्याला धरून गाडी बसवू. मागची डावी स्प्रिंग कडक केली, उंची वाढवली, समोरचं उजवं चाक त्याला जुळवलं. त्या बेचाळीस किलोंना मी कामाला लावलं.

शनिवारी सरावात गाडी जमिनीला चिकटून पळाली. एक मिनिट वीस पूर्णांक चार.

इलंगोने मला मिठी मारली. "लिंगम, सोनं आहेस तू!"

"मागून काही आवाज?" मी विचारलं.

त्याने हातमोजा ओढून काढला. "इंजिनापुढे काय ऐकू येतंय?" मग हेल्मेट काढता काढता म्हणाला, "मागचा आरसा काढून टाक. वजन कमी होईल."

आरसा दीडशे ग्रॅमचाही नसतो. मी काढून टाकला.

रविवार, सकाळचे दहा. चेन्नईवाले ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर बसले होते. "दूध उतू जाईल रे!" एक जण ओरडला. मी ऐकून घेतलं. आज त्यांची तोंडं बंद होणार होती.

पहिली फेरी, एकवीस शून्य दोन. दुसरी, वीस पूर्णांक पाच. विक्रम तुटला होता! मी त्याला आत बोलवायला खुणेचा फळा उचलला. तो आला नाही. त्याला आणखी हवं होतं.

तिसऱ्या फेरीत, भिंतीसमोरच्या लांब उजव्या वळणावर, मी स्वतः पाहिलं...

मागचं डावं चाक अचानक हलकं झालं. बसलेला माणूस उठावा, तसं.

स्प्रिंग मी त्या वजनासाठी कडक केली होती. वजनच राहिलं नाही. शेपूट बाहेर फेकली गेली, गाडी दोनदा फिरली, आधी उजव्या अंगाने भिंतीवर आपटली आणि मग डाव्या अंगाने तिला जाऊन चिकटली. उजवीकडचं दार पिंजऱ्यात रुतलं.

पिंजरा मी चांगला बनवला होता. इलंगोला खरचटलंही नव्हतं.

पण दार उघडेना. मी पहार घेऊन पोचलो. इंजिन तापलेलं, वर ऊन, काचा हलत नव्हत्या. तो पट्टा सोडून आतून काचेवर हात आपटत होता. मला वाटलं, मला हाक मारतोय. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मान मागे वळवून, त्या तिरप्या पाइपकडे बघून ओरडत होता.

"उघड! आई, उघड ना! उघड!"

अकरा मिनिटं लागली आम्हाला.

इलंगो जिवंत आहे. गोदाम बहीण बघते. तो अंगणात बसतो, आणि घरातलं एकही दार लावू देत नाही. सूर्य डोक्यावर आला की ओला होईपर्यंत घाम येतो त्याला, सावलीतसुद्धा.

मोडकी गाडी मी सोमवारी काट्यांवर घेतली. मागच्या डाव्या चाकावर १७६.

म्हणजे ती तिथून उतरली.

गेले दोन महिने माझी स्वतःची गाडी पेट्रोल जास्त पितेय. बायको म्हणते, मागून जरा डावीकडे बसल्यासारखी वाटते. काटे माझ्याच शेडमध्ये आहेत, गाडीपासून दहा पावलांवर.

मी ती काट्यांवर घेतलेली नाही.

एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मार्चमध्ये दारांचे पॅड मी स्वतः उतरवले. मागच्या डाव्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं होतं, म्हणजे ते दार आतून उघडत नव्हतं. इलंगोला मूल नाही.