दुसऱ्याचं माप

टेलरमावशीची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून होती. पुढच्या भागात मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि उभा आरसा. पडद्यामागे पलंग, शेगडी आणि दोन माणसांच्या संसारातली एका माणसाला उरलेली भांडी. एकोणचाळीस वर्षं ती त्या खोलीत भाड्यानं राहत होती. नवरा तिथंच गेला. मुलगी तिथूनच लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि दर रविवारी फोनवर विचारू लागली, “आई, येतेस का इकडे?” मावशी म्हणायची, “येते की. हातातलं काम संपलं की येते.” ते काम संपणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

इमारत तेव्हा भरलेली असे. तिसऱ्या मजल्यावर पोस्टमन, दुसऱ्यावर नर्सताई, पहिल्यावर, मावशीच्या बरोबर डोक्यावर, घड्याळवाले. कुणाकडे काय शिजतंय ते जिन्यात कळायचं, आणि कुणाचं काय बिनसलंय तेही जिना चढून होईपर्यंत कळायचं. कपडे सगळ्यांचे मावशीकडे. तिची एक जाडजूड वही होती, त्यात प्रत्येकाला एक पान. खांदा, छाती, बगलेचा मुंढा, बाही, कंबर, पाठीची उंची. तिला शिवण शिकवणारी आत्या म्हणायची, “कात्री चुकली तर ठिगळ लावता येतं, पण मापात पाप नको.” मावशीनं ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. माणसाचा चेहरा ती एखादे वेळी विसरे, माप कधी नाही.

मग गल्लीचे दिवस पालटले. कोपऱ्यावरच्या बेकरीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्या आणि तिथं कॉफी मिळू लागली. चांभाराच्या गाळ्यात कुंडीतली रोपं आली, आणि एकेका रोपाची किंमत ऐकून घड्याळवाले म्हणाले, “एवढ्यात तर त्यानं मला जन्मभर जोडे पुरवले असते, बाई!” इमारतीला राखाडी रंग लागला. भाडी आधी दीडपट झाली, मग दुप्पट. पोस्टमन पेन्शनीवर जगणारा, तो मुलाकडे गेला. नर्सताई शहराबाहेर गेली, दोन बस बदलून कामावर यावं लागेल अशा ठिकाणी. जाताना दोघंही मावशीच्या दारात उभे राहिले आणि दोघंही म्हणाले, “येत जाऊ हं.”

पोस्टमनच्या खोलीत एक तरुण आला. दिवसभर घरीच कॉम्प्युटरपुढे बसलेला असे. एका सकाळी तो कोट घेऊन खाली आला.

“मावशी, रेडिमेड आहे. चांगला महागाचा आहे. पण डावीकडून घसरतो.”

“महागाचा आहे हे खांद्याला कुठे माहीत असतं?” असं म्हणत मावशीनं टेप लावली.

डावा खांदा उजव्यापेक्षा इंचभर खाली होता. तिनं छाती घेतली, बाही घेतली, कंबर घेतली. हात थांबला.

“लहानपणी जड पिशव्या उचलायचास का रे?”

तो हसला. “मी? मी तर दूधसुद्धा घरपोच मागवतो.”

तो गेल्यावर तिनं वही उघडली. पोस्टमननं चाळीस वर्षं टपालाची थैली डाव्या खांद्याला लावली होती. त्याचा डावा खांदा इंचभर खाली होता. छाती तीच, बाही तीच, कंबर तीच. सगळे आकडे तेच. तिनं टेप लाकडी फूटपट्टीवर ताणून पाहिली. जुन्या टेपा सैल पडतात. ही पडली नव्हती.

योगायोग, असं ती मोठ्यानं म्हणाली, कोट खांद्यात बसवला आणि दुसऱ्या दिवशी देऊन टाकला.

नर्सताईच्या खोलीत आलेली बाई जाहिरातींच्या कंपनीत होती. फुंकर मारली तर उडेल अशी नाजूक. तिला जॅकेट बसवून हवं होतं. मावशीनं उजव्या दंडाला टेप लावली, मग डाव्या. उजवा सव्वा इंचानं जाड. डोळ्यांना दोन्ही काटक्या सारख्याच दिसत होत्या. तिनं पुन्हा माप घेतलं. मग तिसऱ्यांदा.

“मावशी, गुदगुल्या होतायत,” ती बाई म्हणाली.

रोगी उचलून उचलून नर्सताईचा उजवा दंड तसा झाला होता. सव्वा इंच.

मावशीनं जॅकेट बसवून दिलं. न देऊन करते काय? पण त्या संध्याकाळी ती वर घड्याळवाल्यांकडे गेली. ते खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून बसले होते. तीस वर्षांचा शेजार. तिचा नवरा गेला तेव्हा तेराव्या दिवसापर्यंत वरून जेवणाचा डबा आला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंग न काढताच म्हणाले, “बाई, देवाकडे मापं ती किती असणार? परत परत वापरत असेल. तुमच्यासारखाच, उरलेल्या कापडातून भागवणारा.”

मावशी हसली. जिना उतरेपर्यंत ते हसू टिकलं.

तीन आठवड्यांनी नर्सताई आली. हातात तिचा पांढरा कोट होता.

“मावशी, हा जरा आत घे. पंधरा दिवसांत मीच दोनदा आत घेतला, आता मला जमेना.”

“जेवतेस की नाही नीट?”

“दोन्ही वेळा. आणि वजनही तेवढंच आहे गं, रोज काट्यावर उभी राहते.” तिनं कोट अंगात घातला. तो खुंटीला टांगल्यासारखा लोंबला. “वजन आहे, पण कपड्यात मी नाही.”

मावशीनं दंडाला टेप लावली. दहा. लिहायला वळली, पुन्हा लावली. साडेनऊ. नर्सताईचा हात हलला नव्हता.

“पोस्टमन भेटले होते दवाखान्यात,” नर्सताई म्हणाली. “सुनेनं त्यांना नातवाचा शर्ट घातला होता. आठ वर्षांचा आहे नातू.” तिनं लोंबता कोट सावरला. “तोही ढगळ होत होता.”

“कधीपासून हे तुझं?”

नर्सताईनं बोटं मोजली. मावशीनं मनातच मोजली. त्या बाईला जॅकेट बसवून दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

त्याच आठवड्यात एजंट आला. तोंडात साखर घोळवून बोलणारा माणूस.

“मावशी, मालकांचं म्हणणं असं की पुढच्या महिन्यापासून भाडं तिप्पट. नाहीतर खोली मोकळी करा. तुमच्यासाठी मी भांडलो हो!”

“भांडलास म्हणून तिप्पट. नसतास भांडला तर काय झालं असतं कोण जाणे.”

तो हसला आणि दाराकडे वळून म्हणाला, “या ना, आत या. बघून घ्या.”

एक तरुण मुलगी आत आली. सत्ताविसेक वर्षांची, ताठ, हसऱ्या तोंडाची. तिनं खिडकी पाहिली, छत पाहिलं, पडद्यामागं डोकावली आणि लगेच मागे सरली. “सॉरी हं मावशी. तुमचं घर आहे.” मग आरशापाशी थांबली. “तुम्ही ओव्हरकोट शिवता? माझ्याकडे कापड पडून आहे. थंडीच्या आधी मिळेल?”

खरं तर मावशीनं नाही म्हणायला हवं होतं. पण एकोणचाळीस वर्षांची सवय. समोर माणूस उभा राहिला की हात टेपेकडे जातो.

खांदा साडेचौदा. छाती छत्तीस. बाही साडेबावीस. मग पुढची उंची, मानेपासून कमरेपर्यंत. पावणेपंधरा. मग पाठीची.

साडेसोळा.

जन्मभर मशीनवर वाकून बसलेल्या माणसाची पाठ अशी लांबते. मुलगी आरशापुढे सरळ उभी होती, पाठीला कुठेही बाक नव्हता. टेप मात्र बाक सांगत होती.

वहीचं शेवटचं पान मावशीचं स्वतःचं होतं. ते तिनं उघडलं नाही. आपलं माप माणसाला पाठ असतं.

“कधी येऊ न्यायला?” मुलीनं विचारलं.

“शनिवारी,” मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला.

कापड टेबलावर पसरून ती दोन दिवस नुसती बसून राहिली. काम नाकारलं तर मुलगी दुसऱ्या कुणाकडे जाईल, तो बसवून देईल. आपल्या लेकीकडे निघून जावं, तर पोस्टमन मुलाकडेच गेला होता. कुठं गेलं यानं काही फरक पडत नव्हता. वरच्या दोघा नव्या भाडेकरूंना कपडे कुणी बसवून दिले? तिनंच. नव्या माणसाच्या अंगावर जुनं माप तिनंच टाचून दिलं होतं.

मग हे माप बसवायचंच नाही, तिनं ठरवलं. चुकीचं शिवायचं.

तिनं खडू घेतला आणि मनाला येतील ते आकडे कापडावर मांडले. बाही बावीस, नको, तेवीस. खांदा पंधरा, सोळा. रेघा कुठेच जुळेनात. मुंढा बाहीला भेटेना. आकडे कुणाचेच नसले की कापडाला काय धरावं ते कळत नाही. माणूस लागतो. खराखुरा, कुठेतरी जिवंत असलेला.

तिनं वही उघडली. पोस्टमनचं पान. तो संपत आलेला. नर्सताईचं पान. त्यावर तिचा हात ठेववेना.

पुढचं पान घड्याळवाल्यांचं होतं.

छाती चौतीस. बाही वीस. कंबर चौतीस. लहानखुरा माणूस. ओव्हरकोट काय, ढगळच असतो, बाईमाणसाला काय अन् पुरुषाला काय, असं ती स्वतःला सांगत राहिली. आणि हे कुणाचंही पान असू शकलं असतं, असंही. कात्री मात्र एकदाही अडखळली नाही. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा ती बाह्या बेतत होती. तिनं मान वर केली नाही.

शनिवारी मुलगी आली. साडेबावीसच्या हाताला वीसची बाही. मनगटं उघडी पडणार, छातीवर बटण लागणार नाही, मुलगी नाराज होऊन निघून जाईल. मावशी आरशामागे उभी राहिली.

मुलीनं कोट घातला. बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. बाही बरोबर मनगटाशी थांबली.

“अय्या, मावशी! अंगावरच शिवल्यासारखा!”

ती गोल फिरली आणि एकदम थबकली. छताकडे पाहिलं.

“वर कोण राहतं हो? तिथं उजेड चांगला येत असेल ना?”

मावशी टेप गुंडाळू लागली.

सोमवारी एजंट आला. “मावशी, नशीब काढलंत! त्या मुलीला वरची खोली आवडली. मालक म्हणाले, म्हातारीचं राहू दे सध्या. जुन्याच भाड्यात.”

त्या दिवशी मावशी पोटभर जेवली. आठवडाभरानं तिला गाढ झोप लागली. सकाळी उठून तिनं मशीनला तेल घातलं, आरसा पुसला. वरून खुर्चीचा आवाज येतोय का, याकडे तिचा कान नव्हता. म्हणजे तिनं तो दिला नव्हता.

शुक्रवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली. हलकी. तिला वाटलं, कुणाचं तरी लेकरू असेल.

दारात घड्याळवाले उभे होते. एका हातानं पॅन्ट कमरेशी धरलेली.

“बाई, जरा कंबर आत घ्या हिची. पट्ट्याला भोकं पाडता पाडता पट्टा संपला, आता नुसती भोकंच उरलीत.” ते हसले. कॉलरमध्ये त्यांची मान कुठेतरी एका बाजूला होती. “खोली सोडायला सांगितलीय मला. भाचीकडे जाईन म्हणतो. पण तुमची राहिली, ऐकलं. बरं झालं. आपल्यातलं कुणीतरी राहायला हवं इथं.”

ते आरशापुढे उभे राहिले, दोन्ही हात वर करून, जसे दर वर्षी उभे राहत तसे.

मावशीनं टेप त्यांच्या कमरेभोवती घातली.

एकोणतीस.

तिनं डोळे मिटून उघडले. अठ्ठावीस.

“किती भरली?” त्यांनी विचारलं. आरशात ते तिच्याकडेच पाहत होते, लहान मुलानं डॉक्टरकडे पाहावं तसे.

“चौतीस,” मावशी म्हणाली. “आहे तेवढीच आहे. कापड सैल पडलंय.”

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. “मला वाटलंच. तुमच्या टेपेवर विश्वास, बाई.”

“हलू नका,” ती म्हणाली. टेप सैल पडू नये म्हणून ती तिचं टोक हळूहळू ओढत होती, आणि ते येत होतं, येत होतं, येतच होतं.