होल्डवर राहा

कुणी कुणाशी बोलायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हा अधिकार अनादी काळापासून परमेश्वराकडे होता. गेल्या महिन्यात तो आमच्या चाकणच्या कंपनीत रिसेप्शनवरच्या मिनलकडे आला. ती तो चहात खारी बुडवता बुडवता वापरायची.

नवी टेलिफोन यंत्रणा खरोखर देखणी होती. आलेला प्रत्येक फोन कॉम्प्युटरवर चौकोन होऊन उगवायचा. माउसनं उचलून तो हव्या त्या खात्याच्या नावावर सोडला की तिकडे घंटी वाजायची. मी ॲडमिन मॅनेजर. फायली बाजूला सारून बघत उभा राहायचो.

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रांच्या शेडमध्ये, मोबाइल चालत नाहीत, गेटवरच जमा होतात. म्हणून प्रेस चालवणारा गोरक्ष सकाळीच सांगून गेला, "ताई, बायकोला दवाखान्यात नेलंय. आईचा फोन आला की लगीच जोडा."

"पेढे की बर्फी?"

"आधी जोडा तर!"

चहाच्या वेळी मी मिनलजवळच होतो. पडद्यावर चौकोन उगवला. त्यावर नंबर नव्हता. मिनलच्या एका हातात कप, दुसऱ्यात खारी. चौकोन हलला, सावकाश सरकत 'प्रेस शॉप'वर गेला आणि हिरवा झाला.

"सर, मी हात नाही लावला."

"प्रगती आहे," मी म्हणालो. मला खरंच कौतुक वाटलं.

मिनिटभर आम्ही त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिलो. मग शॉपमधून धडाका आला. काचा थरथरल्या.

धावत गेलो. प्रेसमधला डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा, फुटला होता. गोरक्ष रोज उभा राहतो, त्या जागेमागच्या पत्र्यात हाताएवढा लोखंडी तुकडा रुतला होता.

गोरक्ष लांब भिंतीशी होता. रिसीव्हर कानाला.

"कोण होतं रे?"

"बाई होती सर. 'होल्डवर राहा' म्हणली. राह्यलो."

"मिनल?"

"न्हाई. म्हातारं माणूस होतं."

"तुझी आई असेल."

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "आमी कुठं केला फोन? आजून व्हायचंय."

संध्याकाळी मुलगी झाली. सगळ्या कंपनीनं बर्फी खाल्ली.

महिनाअखेरीस यंत्रणा बसवणारा जयदीप आला. यंत्रणा जितकी माणसं वापरणार, तितके परवाने घ्यावे लागतात. मी म्हणालो, "आमची वापरणारी माणसं नऊ, परवाने दहा. एक परत घ्या."

त्यानं कॉम्प्युटर बघितला.

"नाही होणार सर. दहावा आत्ता वापरात आहे."