चाळीस पावलांची चूक

महिन्यापूर्वीचं आणि कालचं, अशी उपग्रहाची दोन छायाचित्रं निजरा भरालीनं एकावर एक ठेवली. बरजुली गावातल्या झाडांचे आठ हिरवे ठिपके तपकिरी झाले होते.

पाच वर्षं ती हरगिला करकोच्यांची घरटी नकाशावर मांडत होती. पाणथळी बुजत गेल्या, साठ घरट्यांची एकोणीस उरली.

सकाळीच तिनं गाव गाठलं. आठही बुंध्यांना गिरमिटानं भोकं पाडून विष ओतलेलं. वाळल्या फांद्यांबरोबर सात घरटी कोसळली होती. खाली तीन पिल्लं मरून पडली होती.

आठवं झाड, कदंब, थानेश्वर कलिताच्या परसात होतं. पक्ष्यांच्या घाणीवरून सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच.

"खुरा," तिनं म्हाताऱ्या काकांना हाक मारली, "हे तुम्ही केलंत?"

"वासानं जीव जातो, खरं आहे," म्हातारा म्हणाला. "पण मारायचंच असतं तर कदंब कशाला मारीन? त्यावर कधी घरटं नव्हतंच. घरटं त्या सावरीवर आहे. खालची जमीन पांढरी झालीय, आंधळ्यालाही कळेल."

चाळीस पावलांवरची सावर हिरवीगार होती. निजरानं फोनवर आपले जुने नकाशे उघडले.

नव्या रस्त्याचा मोजणीदार दिबाकर डेका बांधावर मोजमाप घेत होता. ती त्याच्याकडे गेली.

"दिबाकरदा, घरट्यांचा दुरुस्त नकाशा मिळाला ना?"

"आला होता, बाइदेउ," ताईला सांगावं तसं तो सहज म्हणाला. "उघडलाच नाही. पहिल्यावरच काम भागलं."

"भागलं खरं. फक्त त्या पहिल्या नकाशात माझी एक चूक होती. सावरीची खूण मी कदंबावर टाकली होती. घाईनं तो तुम्ही मागून नेलात, दुसऱ्या कुणाला मी दिलाच नव्हता. ज्यानं विष घातलं, त्यानं झाडाकडे मान वर करून पाहिलं नाही. कागदावरच्या आठ खुणा तेवढ्या पाहिल्या."

"मला काय मिळणार त्यातून?"

"घरटी असली तर रस्ता वळतो," तिच्यामागोमाग आलेला थानेश्वर म्हणाला. "आणि वळला की तुझ्या सासऱ्याच्या सुपारीच्या बागेतून जातो."

दिबाकरनं मान खाली घातली. "पाखरंच तर होती," तो पुटपुटला.

दुपारी वनखात्याची माणसं त्याला घेऊन गेली. गिरमिट त्याच्याच गाडीत सापडलं.

निजरा निघाली तसा थानेश्वर फाटकापर्यंत आला.

"बाइदेउ, नकाशात त्या सावरीपुढे माझं नाव लिहा. यापुढे झाडाला हात लावण्याआधी मला विचारावं लागेल."